मधल्या खोलीतली बाज

१

परक्या घरात पाऊल टाकलं की दामिनी आधी गादी उलटायची. पाणी नंतर, रामराम त्याच्याही नंतर. नर्सिंगचं शिक्षण तिने दुसऱ्या वर्षीच सोडलं आणि त्यावरून घरातले अजून तिला टोचत असत. पण हैदराबादच्या होस्टेलातून ती एक विद्या पक्की करून आली होती, ती ढेकणांची. गादीच्या शिवणीत, कोपऱ्यांत, पलंगाच्या सांध्यांत मोबाइलचा उजेड पाडायचा. मोहरीएवढे काळे ठिपके दिसले की समजायचं, इथे मुक्काम आहे. बॅग जमिनीवर ठेवायची नाही, पलंगावर तर नाहीच, खुंटीला लटकवायची. अंगावरचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं. आणि घरी परतल्यावर उंबरठा ओलांडायच्या आधी सगळं उकळत्या पाण्यात.

बेज्जूरला मोठेबाबांच्या घरी तिने तेच केलं. मोठेबाबा म्हणजे तिच्या वडिलांचे चुलत मोठे भाऊ, दौलत. त्यांच्या मुलाचं, प्रितमचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा होता, म्हणून भीमपूरकडून आई, बाबा आणि ती असे तिघं आले होते. मोठी आई, सखूबाई, चहा घेऊन दारात आली तेव्हा दामिनी गादीचा कोपरा वर करून, डोकं आत घालून बसली होती.

"काय हरवलं का वो बाई?"

"काई नाय. ढेकूण पाहून राह्यली."

आईने, सरोजिनीने, तिच्या दंडाला असा चिमटा काढला की तो संध्याकाळपर्यंत हिरवा पडला. "लोकाच्या घरची गादी उलटून पाहते. लाज हाय का जराशी?"

"लाजेनं ढेकूण मरत असते तं होस्टेलात एक नसता उरला."

सखूबाई मात्र रागावली नाही. "हायेत बाप्पा," ती म्हणाली. "औषध मारलं, बाजा जाळल्या, भिंती सारवल्या. जातच नायत. किती वर्सं झाले." आणि चहाचे कप ठेवून, कुणी अजून काही विचारायच्या आत निघून गेली.

ती रात्र दामिनीने ओसरीवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत काढली.

२

दादाजी, म्हणजे दामिनीचे बाबा, गावात किराणा दुकान चालवायचे आणि त्यांचं तोंडही दुकानासारखंच सदा उघडं असायचं. "या, बसा, चहा घ्या, जेवूनच जा." ज्याच्यासाठी खुर्चीसुद्धा सरकवायची नाही त्यालाही "चार दिवस राहायला या" म्हणायचं. दामिनीला या गोडव्याची शिसारी होती. मोठ्या माणसांना खोटं बोलायला कारणही लागत नाही, रीत पुरते, असं तिचं ठाम मत होतं आणि ते ती जेवताना बोलूनही दाखवायची.

निघताना बाबांनी बेज्जूरच्या त्या घरातल्या प्रत्येक दाराशी थांबून आमंत्रणं वाटली. प्रितमला दिलं, त्याच्या होणाऱ्या सासऱ्याला दिलं, भांडी घासणाऱ्या बाईला दिलं. दामिनी बॅगा घेऊन अंगणात तिष्ठत उभी. मागच्या बाजूला एक खोली होती, दार अर्धवट उघडं, आत अंधार. अंधारात बाजेचा एक खूर तेवढा दिसत होता. घरात म्हातारं माणूस असलं की त्याची बाज अशाच खोलीत टाकतात. बाबांनी तिथेही हात जोडले.

"येतो बरं का, माय. तुमी बी चाला आमच्याकडं. मधल्या खोलीतली बाज रिकामीच हाय. आमच्या मीनलचं बाळंतपण आलं, लेकराजवळ मोठं मानूस पायजेच ना."

आतून कुणी बोललं नाही. बाज मात्र करकरली. झोपलेलं माणूस उठून बसताना करकरते तशी.

"चला ना बाबा," दामिनी म्हणाली. "बस जाईन."

"दोन शब्द गोड बोलले तं तुयं काय जाते?"

३

बसमध्ये आई तीन जणांच्या बाकावर मधोमध बसली, दामिनी कडेला. खिडकीजवळची जागा मोकळीच.

"सरक ना तिकडं."

"राहू दे. ऊन येते तिकडून." ऊन दुसऱ्या बाजूने येत होतं.

कंडक्टर आला. बायकांना तिकीट फुकट, पण आधार दाखवून शून्याचं तिकीट घ्यावंच लागतं. त्याने बाकाकडे पाहिलं आणि तेलुगूत विचारलं, "आडवाळ्ळु मुग्गुरा?" बायका तिघी का.

"इद्दरे," दामिनी म्हणाली. दोघीच.

तो खिडकीकडे बघत राहिला. मग मशीनमधून निघालेलं तिसरं तिकीट त्याने फाडून खिशात घातलं. दिवसभर बसमध्ये उभं राहून माणसाचे डोळे थकतात. दामिनीने तेवढंच मनात आणलं आणि मांडीवरची बांधलेली पिशवी आणखी घट्ट बांधली.

घरी पोचल्यावर तिने दोघांनाही अंगणात अडवलं. आईने न्हाणीत कपडे बदलले. बाबांनी शिव्या देत देत धोतर सोडलं. सगळं चुलीवरच्या पातेल्यात उकळलं. बॅगा काळ्या पॉलिथिनमध्ये गुंडाळून टिनाच्या छपरावर, उन्हात टाकल्या. चपलासुद्धा तिने धुतल्या. त्यानंतरच दार उघडलं. काहीही राहिलं नव्हतं. या एका कामात तिला कुणी नापास करू शकत नव्हतं.

४

मधली खोली म्हणजे स्वयंपाकघर आणि दामिनीची खोली यांच्यामधली. एक लहान खिडकी, नव्याने चुना दिलेल्या भिंती, आणि मधोमध सागाची नवारीची बाज. थोरली बहीण मीनलताई याच बाजेवर जन्मली, दामिनीही याच बाजेवर. बाळंतिणीला शेक इथेच द्यायचा. खाली निखाऱ्याची शेगडी, वर आई आणि बाळ. मीनलताई नवऱ्याकडे आदिलाबादला होती, दवाखाना जवळ म्हणून. मूल झालं की तिला इथेच आणणार होते. म्हणून बाजेवर धुतलेली चादर घालून ठेवली होती आणि तिच्यावर कुणी टेकतसुद्धा नव्हतं.

त्या चादरीवर एका सकाळी ठिपके दिसले. गंजलेल्या टाचणीने टोचावं तसे.

जुना डाग असेल. दामिनीने चादर धुतली. दुसऱ्या सकाळी ठिपके पुन्हा होते. तिने बाजेच्या सांध्यात उजेड पाडला. ते तिथे होते. भरलेले, फुगलेले, सुस्त. एक तिने नखाखाली चिरडला. रक्त ताजं होतं, लाल.

तेव्हा तिला पहिल्यांदा ते खटकलं. ढेकूण भुकेला असला की माणूस शोधत जातो. झोपलेल्याच्या उबेकडे जातो. रिकाम्या बाजेवर तो महिनोन्‌महिने उपाशी राहील, कागदासारखा चपटा होईल. हे चपटे नव्हते. रोज जेवत होते.

कुणाला?

तिने आईचे दंड पाहिले. बाबा उघड्या अंगाने ओसरीवर झोपायचे, त्यांची पाठ पाहिली. स्वतःचे पाय पाहिले. चावल्याची एक गांधी नव्हती. तिचा लोखंडी पलंग भिंतीच्या पलीकडेच होता आणि त्यात एकही ढेकूण नव्हता. इतक्या जवळ ती झोपलेली असताना ते तिच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हते.

"मांजर झोपत असीन," आई म्हणाली.

"मांजर आपल्या घरात येते कुठं?"

"मंग तूच आनले होस्टेलातून," बाबा म्हणाले. "शिक्षन आनलं नाय, ढेकनं आनले."

"होस्टेल सोडून दीड वरीस झालं बाबा. आनि ढेकूण असे सबुरीनं वाट पाहत नसतात. तुमच्यासारखे नसतात ते."

तिने पाणी उकळून सांध्या-सांध्यात ओतलं. बाज अंगणात काढून दिवसभर उन्हात उभी केली. संध्याकाळी आत आणली. सकाळी ठिपके.

आणि दुपारी, घर शांत असताना, स्वयंपाकघरात भाकरी थापताना तिला करकर ऐकू यायची. लांब, आळसावलेली. कूस बदलल्यासारखी. सागाचं लाकूड उन्हात आणलं-नेलं की असं वाजतं, हे तिला माहीत होतं. ती भाकरी थापत राहायची.

५

मीनलताईला मुलगी झाली. आईने बेज्जूरला फोन लावून बातमी दिली, रडली, हसली आणि मग फोन दामिनीच्या हातात कोंबला, मोठ्या आईशी बोल म्हणून. दामिनीला काय बोलावं सुचेना. सहज विचारायचं म्हणून तिने विचारलं, "तुमच्या मागच्या खोलीतल्या माय बऱ्या हायत ना?"

"कोन माय?"

"मागच्या खोलीत. बाजेवर असतात त्या. बाबांनं निंघताना त्यायले येतो म्हटलं ना."

 पलीकडे कुकरची शिट्टी वाजली, कोंबडी ओरडली.

"तिथं आमी कोनाले ठेवत नाय," सखूबाई शेवटी म्हणाली. "भाऊजी नुसतं येतो म्हटले, का अजून काई म्हटले?"

"आमच्याकडं चाला म्हटले. मधल्या खोलीत बाज हाय म्हटले." आणि मग ती आवाज उतरवून म्हणाली, "लेकराजवळ मोठं मानूस पायजे म्हटले."

"अस्सं."

दामिनीला वाटलं होतं ती आता घाबरेल, काहीतरी सांगेल, निदान देवाचं नाव घेईल. सखूबाईचा आवाज उलट हलका झाला. डोक्यावरचा भारा खाली ठेवल्यावर बाईचा होतो तसा.

"आमचे ढेकूण गेले वो बाई," ती म्हणाली. "सारे. तुमी गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून एक बी नाय. आता तुमी चांगलं सांभाळजा." फोन बंद झाला.

दामिनीने पुन्हा लावला. वाजत राहिला.

६

बाबा दुकानात गुळाची ढेप फोडत बसले होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. ते हसतील अशी तिची तयारी होती. ते हसले नाहीत. ढेपेकडे बघत राहिले. दार अर्धवट उघडं असलेल्या त्या खोलीत आपण नक्की काय पाहिलं होतं, हे त्यांना आता आठवत असावं. किंवा आपण काहीच पाहिलं नव्हतं, हे.

"तुमी बोलावलं. तुमीच जा म्हना."

"पाहुन्याले जा म्हनायची आपल्यात रीत हाय का?"

"बाबा, परवा लेकरू येऊन राह्यलं. त्या बाजेवर."

"दुसरं काई बी सांग. नवी बाज आनू. पूजा घालू."

"नव्या बाजेनं काय होईन? तुमी बाजेचं नाव घेतलं, खोलीचं नाव घेतलं. लेकराचं घेतलं. आता तोंड शिवलं का? भांडीवाल्या बाईले बोलावता येते, बेज्जूरच्या अंधाराले बोलावता येते, आनि परत जा म्हनाले जीभ वळत नाय."

दादाजींनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि गिऱ्हाईक नसतानाही आवाज दिला, "या, या, बसा." सवयीने. दामिनी उठून घरी आली.

मधल्या खोलीच्या दारात उभं राहून तिने स्वतःच सांगितलं. रिकाम्या बाजेशी बोलताना आपण किती येड्या दिसतो हे तिला कळत होतं, म्हणून ती आणखी कडक बोलली. "निंघ इथून. कोनी बोलावलं असंन तं ते खोटं होतं. इथं तुयं काई काम नाय."

काही झालं नाही. चुन्याचा वास तसाच. बाहेर सोयाबीनची पोती उतरवणाऱ्या माणसांची हाकाहाक तशीच.

बाजेच्या उशाशी आईने बाळाची झबली, टोपरी, जुन्या लुगड्याची मऊ दुपटी घडी करून ठेवली होती. दुसऱ्या सकाळी दामिनीने ती घडी उलगडली. वरची दुपटी स्वच्छ होती. ठिपके आत होते, घडीच्या पोटात. रात्रभर कुणी ती घडी छातीशी धरून झोपावं, तसे.

ती कपडे घेऊन चुलीकडे गेली आणि पाणी उकळेपर्यंत तिथेच बसली. आधी तिला वाटत होतं की ते चुकून आलंय, त्याला हाकलता येईल. पण ते आगंतुक नव्हतं. त्याला बोलावलं होतं, आणि कशासाठी बोलावलं तेही सांगितलं होतं. ते आपलं काम करत होतं. वाट पाहत होतं.

७

मीनलताई येणार त्याच्या आदल्या दुपारी आई वावरातून शेकासाठी बाभळीचं लाकूड आणायला गेली. दामिनी मधल्या खोलीत चादर काढायला गेली. चादर ओढली, पिळा करून काखेत घेतली, आणि थांबली.

नवार मधोमध खाली गेली होती. सैल नव्हती, सैल नवार कडेला सुटते. ही ताणलेली होती.

खिडकीतून उन्हाची पट्टी बाजेवर पडली होती आणि त्या पट्टीत ढेकूण होते. उजेडात ढेकूण थांबत नाहीत, पळतात. हे थांबले होते. उशापासून खाली एका ओळीत, थोडे वाकडे, कोपरात दुमडल्यासारखे. ती वाकली. ते नवारीवर नव्हते. नवारीच्या वर, बोटभर वर, होते. खाली त्यांची सावली पडली होती, प्रत्येकाची वेगळी.

ती पाहत असतानाच एक करडा ढेकूण हळूहळू लाल झाला.

दामिनीचं डोकं अजून चालत होतं. कोळ्याचं जाळं असेल, ती म्हणत होती. धागा असेल. तिने हात पुढे केला नाही. मग बाज करकरली आणि ती ओळ हलली. ढेकूण चालले नाहीत; ते होते तसेच, सगळे मिळून, सावकाश वळले. झोपलेलं माणूस, खोलीत कुणी आलं की, त्या बाजूला कुशीवर वळतं तसे.

तिच्याकडे.

पळायला दार मागेच होतं. पळाली असती तर उद्या या बाजेवर मीनलताई निजणार होती, आणि तिच्या काखेत ते लहान लेकरू. आई ऐकणार नव्हती. बाबा दुकानात "या, बसा" करत बसणार होते. या घरात एकच माणूस असं होतं ज्याने जन्मात कुणाला खोटं आमंत्रण दिलं नव्हतं.

तिने चादर खाली ठेवली. पदर नव्हता, ओढणी होती. ती डोक्यावर घेतली. का घेतली ते तिला कळलं नाही.

"माय," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना, इतका तो आईसारखा निघाला. "इथं उद्या बाळंतीन येऊन राह्यली. लेकरू रडीन, शेगडीचा धूर होईन. तुमाले झोप लागनार नाय. लेकराजवळ त्याची आई हाय, मानसाची कमी नाय. तुमी माझ्या खोलीत चाला. पलंग लहान हाय, पन मी सरकून झोपते."

 मग नवार, एकेक पट्टी करत, वर आली आणि सपाट झाली. उन्हात काहीच उरलं नव्हतं.

दामिनीने मागे न पाहता दार उघडं धरलं. वडीलधारं माणूस बाहेर पडेपर्यंत धरतात तसं. थोडं थांबून, मग दामिनी त्या मायच्या मागून गेली.

८

मीनलताई आली. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाच्या पायावर पाणी घातलं. बाज शेकली. सकाळी चादर पांढरीशुभ्र होती. त्याच्या पुढच्या सकाळीही. आईने सांध्यांतून दिवा फिरवून पाहिला आणि गल्लीभर सांगितलं की पोरीने उकळतं पाणी ओतून ओतून एक ढेकूण ठेवला नाही. बाबा दुकानात आता गिऱ्हाइकाला नुसतं "काय पायजे?" विचारत. गावाला ते विचित्र वाटत होतं.

दामिनीला एकही ढेकूण चावत नव्हता. तिच्या बाजूची चादर स्वच्छ असायची.

एका सकाळी आई चहा घेऊन तिच्या खोलीत आली. बाहेर अजून गारवा होता. पलीकडे बाळ कुरकुरत होतं आणि मीनलताई त्याला हूं हूं करत होती.

"काऊन वो अशी झोपून राह्यली? भिंतीकडं एवढी जागा, आनि तू एकदम कडेले. पडशील ना."

"नाय पडत."

"लहानपनी सारा पलंग घ्यायची. आता बरी शहानी झाली." आई चहा ठेवून, हसत, बाळाकडे गेली.

दामिनी उठून बसली. भिंतीकडच्या बाजूवरून गोधडी सरकली होती. तिने हात लांब करून ती वर ओढली, नीट कडा खोचल्या, आणि मग चहाचा कप उचलला.